मदत हवी आहे: टॅन, चान आणि थडग्यावरचं 'यिंगछ्वान', हे एकच घराणं का?

सिंगापूरची_सून:
लेकीला शाळेत 'आमचं आडनाव' हा प्रकल्प सोमवारी द्यायचाय आणि मी पार अडकलेय. सासरचं आडनाव टॅन. हाँगकाँगचे चुलत सासरे चान लावतात. आजेसासऱ्यांच्या थडग्यावर सगळ्यात वर दोन अक्षरं कोरली आहेत, ती ॲपने 'यिंगछ्वान' अशी वाचली. घरात म्हणतात ते आपलं गाव नाही. मग कुणाचं? माहेरचं गाव, कुलदैवत मी दहा मिनिटांत लिहून दिलं. कृपया लवकर सांगा.

बखरवाला:
ताई, अक्षर कोणतं ते सांगा आधी. आणि घरी कोणती बोली बोलतात? रोमन लिपीतले टॅन दोन आहेत. होक्कियन-तेओच्यू या दक्षिण चिनी बोली बोलणाऱ्यांचा टॅन म्हणजे मँडरिनमधला (प्रमाण चिनीतला) छन, कँटनीजमध्ये (हाँगकाँगच्या बोलीत) चान. दुसरा मँडरिनमध्येच तान, तो कँटनीजमध्ये थाम होतो. अक्षराच्या डावीकडे इंग्रजी बीसारखं उभं चिन्ह आहे का?

नितीन_७६:
एवढं कशाला, डीएनए चाचणी करून टाका. आमच्या भाच्याने केली, महिन्यात निकाल.

सिंगापूरची_सून:
शाळेला वंशवृक्ष हवाय, चाचणी नको. बोली होक्कियन. हो, बीसारखं चिन्ह आहे.

बखरवाला:
मग छनच. चिनी माणूस हे आडनाव सांगताना 'कान-पूर्व छन' म्हणतो, कारण डावं चिन्ह कानासारखं आणि उजवं अक्षर पूर्व दिशेचं. तुमचे चान नि टॅन एकाच अक्षराचे दोन उच्चार आहेत. उगम चीनच्या हनान प्रांतातल्या ह्वाययांगजवळच्या छन राज्याचा. झौ घराण्याचा राजा वू याने पुराणकाळच्या सम्राट शुनच्या वंशातल्या ग्वेई मानला ते राज्य दिलं, इ.स.पू. 11व्या शतकात. पुढे शेजारच्या छू राज्याने ते गिळलं, पण लोकांनी राज्याचं नाव आडनाव म्हणून ठेवलं.

यिंगछ्वान हा हनानमधलाच जुना सुभा. तिथले छन श (इ.स. 104–187) फार नावाजलेले. तुळईवर चोर लपलेला दिसला तेव्हा त्यांनी मुलांना बोलावून 'वाईट सवयीने माणूस असा बिघडतो, तो तुळईवरचा सद्गृहस्थ पाहा' म्हणून सांगितलं. चोर शरमून खाली उतरला. थडग्यावर ते घराण्याच्या मूळ स्थानाचं नाव असतं, राहत्या गावाचं नव्हे. आपल्या गोत्राजवळ जाणारं समजा.

मीनल_पिनांग:
सगळे छन एका राजाचे वंशज हे मला पटत नाही. आडनावं दत्तक जातात, बदलतात. जॅकी चॅनच्या घरचं मूळ आडनाव फांग! अक्षर एक म्हणजे रक्त एक, असं मुलीला लिहायला लावू नका.

बखरवाला:
मी रक्त म्हटलं नाही, परंपरा म्हटली. व्हिएतनामचं त्रान घराणं (1225–1400) हेच अक्षर लावायचं, आणि पूर्वज चीनच्या फूच्यान प्रांतातले सांगायचं.

माझगावकर:
माझगावचं सी यिप कून देऊळ पाहिलंय का? सी यिप म्हणजे चीनच्या ग्वांगतोंग प्रांतातले चार तालुके. मुंबईत एवढ्या जवळ आहे, पण आपल्याला ठाऊक नसतं.

बखरवाला:
छान आहे, पण ते कँटनीजांचं, ताईंचं होक्कियन. ताई, सिंगापुरात मॅगझीन रोडवरच्या टॅन सी चोंग सू देवळात लेकीला घेऊन जा. तिथले देव छन युआनग्वांग, 686 साली फूच्यानमधलं झांगझौ वसवणारे तांग घराण्याचे सेनानी. फूच्यानमधल्या पुष्कळ छनांची कथा त्यांच्यापासून सुरू होते.

गृहिणी_ठाणे:
लग्नानंतर पासपोर्टवर सासरचं आडनाव लावायला काय कागद लागतात? मलाही हवंय.

मीनल_पिनांग:
त्यासाठी वेगळा धागा काढा हो. सिंगापूरची_सून, नवऱ्याच्या नि दिराच्या नावातलं मधलं अक्षर एक आहे का? एका पिढीचे सगळे तेच लावतात. पिढीनामांची कविता, म्हणजे जिचा एकेक शब्द एकेका पिढीच्या नावात येतो ती, कुणाला पाठ असेल तर वंशावळीची वही मिळेल.

सिंगापूरची_सून:
एकच आहे! तीन चुलत भावांचंही तेच. आत्ता आजेसासूबाईंना फोन केला. सोळा शब्दांची ओळ त्यांनी न थांबता म्हटली, मी फोनवर रेकॉर्ड केलीय. लेक ती लिहून घेतेय, नवऱ्याचा शब्द सातवा निघाला.