मदत हवी आहे: आईस्क्रीममधली जीएमएस पावडर किती घालावी आणि ती शाकाहारी असते का?

नमस्कार मंडळी,

मी घरून ऑर्डरप्रमाणे सीताफळ आणि हापूसचं आईस्क्रीम करून देते. पद्धत नेहमीचीच: दूध, साखर, कॉर्नफ्लोअर, जीएमएस (ग्लिसरॉल मोनोस्टिअरेट ही पावडर) आणि किंचित सीएमसी (दाटपणा आणणारी पावडर) उकळून गार करायचं, गोठवायचं, मग तुकडे करून क्रीम आणि गर घालून बीटरने दुप्पट होईपर्यंत फेटायचं आणि पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवायचं. अर्धा लिटर दुधाला एक टेबलस्पून जीएमएस, हे बहुतेक कृतींतलं प्रमाण मीही घेते.

नवी पावडर आणल्यापासून मात्र आईस्क्रीममध्ये मेणासारखे बारीक कण लागतात आणि खाल्ल्यावर टाळूवर तुपकट थर राहतो. दूध, क्रीम, साखर सगळं तेच आहे.

दुसरा प्रश्न माझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे. नेहमी ऑर्डर देणाऱ्या एक जैन काकू विचारतात, ही पावडर कशापासून करतात? मी वाचलं ते इतकंच की हे ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्लाचं एस्टर (दोन्ही मिळून झालेलं संयुग) आहे आणि पाकिटांवर आयएनएस ४७१ असं लिहितात. माझी पुडी सुटी, दुकानात भरलेली आहे, त्यावर ठिपकाच नाही. काकू माझ्या शब्दावर विश्वास ठेवून खाणार, म्हणून नक्की कळल्याशिवाय त्यांना हो म्हणायचं नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी डेअरीत काम केलंय. आधी काकूंचं. स्टिअरिक आम्ल पामतेलासारख्या वनस्पती तेलापासूनही मिळवतात आणि जनावरांच्या चरबीपासूनही. तयार झालेला रेणू दोन्हीकडे एकच, त्यामुळे रंग, वास किंवा घरच्या कुठल्याही चाचणीने फरक कळत नाही. सुटी पुडी त्यांच्यासाठी वापरूच नका. हिरवा ठिपका आणि उत्पादकाचं नाव असलेलं सीलबंद पाकीट घ्या, जमलं तर ‘वनस्पतीजन्य’ असं उत्पादकाकडून लेखी मागवा.

आता कण. बाजारात साधं जीएमएस असतं, त्यात मोनो-एस्टर, म्हणजे कामाचा मुख्य भाग, साधारण ४० ते ५५ टक्के, आणि डिस्टिल्ड, म्हणजे शुद्ध केलेलं, असतं, त्यात ९० टक्क्यांच्या वर. शिवाय पावडर किती बारीक आहे त्यावर चमच्यात मावणारं वजनही बदलतं. नवी पावडर वेगळ्या प्रकारची असेल तर त्याच चमच्यात जास्त पडत असेल, म्हणून चमचा सोडा, छोटा वजनकाटा घ्या. कारखान्यात हे मिश्रणाच्या ०.१ ते ०.३ टक्के घालतात, म्हणजे अर्ध्या लिटरला दीड ग्रॅमपर्यंत. हाताने फेटताना थोडं जास्त लागतं हे खरं, पण एक टेबलस्पून फारच झालं. निम्म्यावर या, मग आणखी कमी करून बघा. जास्तीचं जीएमएस गार होताना स्फटिक होऊन वेगळं पडतं, टाळूला लागतं ते बहुधा तेच.

ते पाण्यात विरघळत नाही, ६० अंशांच्या आसपास वितळतं. आधी थंड दुधात कालवा, मग तापवा आणि ७५-८० अंशांवर काही मिनिटं ढवळत ठेवा. एकदम उकळत्या दुधात टाकलं तर गुठळ्या होतात.

ते नुसतं दूध आणि स्निग्धांश एकत्र धरतं असं समजतात, पण आईस्क्रीममधलं त्याचं खरं काम वेगळंच आहे. दुधातल्या स्निग्ध कणांभोवती प्रथिनांचं आवरण असतं. जीएमएस त्यातली काही प्रथिनं हटवून स्वतः तिथे बसतं. मग फेटताना ते कण एकमेकांना थोडे चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांना आधार देतात. आईस्क्रीम फुगतं आणि लवकर वितळत नाही ते यामुळे. या अदलाबदलीला वेळ लागतो, म्हणून शिजवलेलं मिश्रण गोठवण्याआधी ४ अंशांवर, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, निदान चार तास ठेवा. ही पायरी घरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक तिनेच पडतो.

धागाकर्ती

खूप आभार दादा. काकूंची ऑर्डर सीलबंद पाकीट मिळेपर्यंत थांबवते, त्यांना तसं आजच कळवते. हीच पावडर बिनअंड्याच्या केकमध्ये चालेल का?

प्रतिसाद

चालेल, पण कोरडी नको. गरम पाण्यात वितळवून, घोटून, गार करून जेल करा आणि ताजंच वापरा. ठेवून दिलं की स्फटिकांचं रूप बदलतं आणि हवा धरायची ताकद कमी होते. आणि क्रीम-लोशनसाठी ‘सेल्फ-इमल्सिफाइंग’ (पाण्यात आपलं आपण मिसळणारं) जीएमएस मिळतं, त्यात साबण मिसळलेला असतो. ते खाण्यात आणू नका.