स्लीपनंतर लॅन गायब

प्रश्न: सोलापूर, अक्कलकोट रोडवरच्या चादर कारखान्याच्या ऑफिसातला पीसी, विंडोज ११. स्लीपमधून उठला की लॅन पोर्टचा (नेटची केबल लागते त्या जागेचा) दिवा विझलेलाच. रीस्टार्ट केलं की चालू. केबल बदलून झाली.

उत्तर: मालक, केबलचा दोष नाही. स्लीपमध्ये विंडोज नेटवर्क कार्डाची वीज कमी करते. उठताना ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नीट जागं करता येत नाही. डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स, कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट. तिथली पहिली टिक (वीज वाचवायला कार्ड बंद करू देणारी) काढा. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये एनर्जी एफिशिएंट इथरनेट ही वीज वाचवणारी सेटिंग असेल तर तेही डिसेबल करा.

उत्तर: पॉवर मॅनेजमेंटचा टॅबच नसेल तर मदरबोर्डच्या साइटवरचा ड्रायव्हर टाका. आधी पेन ड्राइव्हवर घ्या, मगच जुना काढा. नाहीतर नेटच राहणार नाही!

उत्तर: तोवर रीस्टार्ट नको. कार्ड डिसेबल करून पुन्हा इनेबल करा, बहुतेक वेळा दिवा लागतो.