रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्याच्या पुढचे दिवस

कोरोनाचं कोणी सांगायला बसलं की गोष्ट बेडच्या शोधापर्यंत जाते, रेमडेसिविर इंजेक्शनच्या धावपळीत अडकते आणि 'मग निगेटिव्ह आला, घरी आणलं' इथे संपते. आमच्या घरी मोठं आजारपण तिथून पुढे सुरू झालं. म्हणून नागपूरकरांना विनंती आहे, घरी आणल्यानंतरचं लिहा. जिन्यात कितव्या पायरीवर थांबावं लागायचं, जेवणाला चव कधी आली, कोणतं दुखणं उशिरा लक्षात आलं. माणसांची आणि दवाखान्यांची नावं नकोत. सुरुवात मी करते.

मानेवाडा, मुलगी

एप्रिल २०२१. १५ ते २१ मार्चचं कडक लॉकडाऊन होऊन गेलं होतं, तरी आकडे चढतच होते. आधी भावाला ताप आला, मग मला, आईला, शेवटी बाबांना. आम्ही तिघं आठवड्यात उठलो. बाबा अडुसष्ट वर्षांचे. ताप उतरला होता, पेपर वाचत बसले होते, चहा मागत होते. सहज बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ८८. मशीन बिघडलं समजून माझ्या बोटाला लावला, ९७. विचारलं, बाबा, दम लागतो का? "नाही बाप्पा, मी तर बरा आहो." या आजाराचं हेच भयंकर होतं. रक्तातला ऑक्सिजन उतरत जायचा आणि माणसाला धापही लागायची नाही. सहा मिनिटं चालवून मग मोजा, असं डॉक्टर सांगत होते. बसल्याबसल्या ९५ दिसतंय म्हणून आदल्या दोन दिवसांत मी ते केलंच नाही. ती चूक माझी, आणि ती मला अजून झोपू देत नाही.

भाऊ दुचाकीवर दिवसभर फिरला, मी चार्जिंग संपेपर्यंत फोन करत राहिले. रात्री उशिरा जागा मिळाली. फुप्फुसं किती बिघडली ते सांगणारा सीटी स्कोअर २५ पैकी १५. बाबा आत असतानाच, २३ एप्रिलला, विशाखापट्टणमहून ऑक्सिजनचे टँकर घेऊन रेल्वे आली. काही टँकर नागपुरात उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. त्या रात्री आईने देवाजवळचा दिवा विझू दिला नाही.

सतरा दिवसांनी बाबा घरी आले. आम्ही ओवाळलं, शेजाऱ्यांनी गॅलरीतून हात हलवले. आणि पलंगापासून संडासापर्यंतची बारा पावलं जाऊन येईस्तोवर त्यांचा ऑक्सिजन ८५ वर आला.

पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं विजेवरचं मशीन, भाड्याने आणला. बाहेर मे महिन्यातलं नागपूर. कुलर लावायचा की नाही यावरून घरात भांडण झालं, कारण कुलरने विषाणू पसरतो असं कोणीतरी सांगितलं होतं. डॉक्टरांनी समजावलं की खिडकीतला कुलर बाहेरची हवा आत घेतो, समोरची खिडकी उघडी ठेवा म्हणजे हवा खेळती राहील. बंद खोलीतल्या एसीपेक्षा ते बरं. मग एका बाजूला कुलरची घरघर, दुसऱ्या बाजूला मशीनची. त्या आवाजात आम्ही झोपायला शिकलो.

पण मेमध्ये संध्याकाळी वावटळ उठते, आभाळ येतं आणि लाइन जाते. पहिल्यांदा गेली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. दोन्ही आवाज एकदम थांबले आणि त्या शांततेनेच आम्ही सगळे जागे झालो. सिलिंडर कोपऱ्यात उभं होतं, पण पाना सापडेना. आई मोबाइलचा उजेड धरून उभी, तिचा हात इतका थरथरत होता की उजेड भिंतीवरच पडायचा. सिलिंडर सुरू व्हायला अकरा मिनिटं लागली. बाबा त्या अकरा मिनिटांत एक शब्द बोलले नाहीत, फक्त माझ्या ओढणीचं टोक धरून होते. दुसऱ्या दिवशी भावाने पाना सुतळीने सिलिंडरलाच बांधून टाकला. त्यानंतर पाऊस लागेपर्यंत मी रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन आभाळ बघायची. आजही ढग गडगडले की आधी मीटरकडे नजर जाते.

फुप्फुसांच्या व्यायामाचं तीन चेंडूंचं ते फुंकणीसारखं यंत्र आठवतं ना? त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. आमचे बाबा चार दिवस फुंकतच होते. बरोबर ओढल्यावर पहिला चेंडू जरासा हलला. दुसरा जूनच्या शेवटी, तिसरा पोळ्याच्या आसपास. स्टेरॉइडच्या गोळ्या कमी करत करत बंद केल्या, तोवर त्या गोळ्यांनी रक्तातली साखर २८० झाली होती, ती उतरायला आणखी दोन महिने गेले. कॉन्सन्ट्रेटर परत नेला त्या दिवशी बाबा फाटकापर्यंत पोचवायला गेले. एकटे, काठी न घेता.

हिंगणा रोड, वहिनी

ताई, तुम्ही साखरेचं लिहिलं म्हणून लिहिते. माझे दीर चव्वेचाळीस वर्षांचे. मधुमेह आधीपासून होता, आजारात स्टेरॉइड द्यावं लागलं. घरी आल्यावर दिवसातून चारदा ऑक्सिजन मोजला, साखर एकदाही नाही. घरात ग्लुकोमीटर होतं, कपाटात.

दहा-बारा दिवसांनी वरचे दात दुखायला लागले. मग हलायला लागले. गाल बधिर झाला, नाकातून काळपट यायला लागलं. दाताच्या डॉक्टरांनी तोंड बघितलं आणि लगेच एमआरआयला पाठवलं. म्युकरमायकोसिस, म्हणजे वाढलेल्या साखरेत फोफावणारी काळी बुरशी. त्या वेळी शहरात घरोघरी काळी बुरशी हाच शब्द ऐकू येत होता. तिच्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी जे हाल झाले ते सांगत बसत नाही. पुढे वर्ध्यालाच ते बनायला लागलं, तेव्हा जीव थोडा भांड्यात पडला.

वरचा जबडा एका बाजूने काढला, टाळूही. डोळा वाचला. शुद्धीवर आल्यावर पाणी प्यायले तर ते नाकातून आलं, बोलले तर आम्हाला एक अक्षर कळेना. पाटीवर लिहून दाखवायचे. त्यांची मुलगी सहा वर्षांची, तिला नुकतं वाचता यायला लागलं होतं. तीच बाबांची पाटी मोठ्याने वाचून दाखवायची, जोडाक्षराला अडायची. मिक्सरमधून काढलेली खिचडी तीन महिने. जखम भरल्यावर टाळू झाकणारी प्लेट करून दिली. ती बसवून आले, खुर्चीत बसले आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "वहिनी, चहा टाका नं." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि मग चहा टाकला.

ज्यांच्या घरी मधुमेहाचा माणूस स्टेरॉइड घेऊन येतो त्यांनी रोज साखर मोजा. आजार कोणताही असो.

सतरंजीपुरा, दुकानदार

माझं २०२० च्या एप्रिलमधलं आहे, तुमच्या सगळ्यांच्या आधीचं. आमच्या वस्तीत रुग्ण सापडले आणि गल्ल्या टिनाचे पत्रे ठोकून बंद केल्या. बसेस आल्या, घरच्या घरं विलगीकरणात नेली. माझी आई, बायको, दोन मुलं आणि मी, पाचही जण. राहण्या-खाण्याची तक्रार नाही. आमच्यातल्या फक्त आईला लागण निघाली, तीही काही त्रास न होता बरी झाली.

त्रास नंतर झाला. किराणा दुकान उघडलं तर पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. दुधवाला पिशवी चौकातल्या खांबाला लटकवून जायचा. मी सामान पोचवायला दुसऱ्या वस्तीत गेलो की लोक आधी पत्ता विचारायचे. मुलगा म्हणाला, आपण दुसरं नाव सांगायचं का आपल्या वस्तीचं? मी नाही म्हटलं. आईचं शरीर दोन आठवड्यांत ठीक झालं, पण ती शेजारपाजारी जाणं सोडून बसली, लोक सरकून बसतात म्हणून. पुढच्या वर्षी सगळ्या शहरात घरोघरी आजार शिरला तेव्हा कुठे ती पुन्हा जायला लागली. याला बरं होणंच म्हणायचं ना?

मानकापूर, स्टाफ नर्स

ड्युटीत असताना झाला, सौम्य होता. चौदा दिवसांनी परत पीपीई किट घालून उभी राहिले. उन्हाळ्यात सहा तास पाणी नाही, किट काढली की बुटातून घाम सांडायचा. तीन महिन्यांनी केस गळायला लागले, हातात पुंजके यायचे. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी असे केस जातात आणि परत येतात, हे मी रुग्णांना रोज सांगत होते. स्वतःच्या बाबतीत मात्र घाबरले. आले परत, सहा महिन्यांनी. त्यापेक्षा जास्त त्रास विसराळूपणाचा झाला. औषधाचं नाव जिभेवर यायचं नाही. म्हणून प्रत्येक डोस दोनदा लिहायची आणि सोबतच्या सिस्टरकडून तपासून घ्यायची. तिने एकदाही कंटाळा केला नाही.

प्रतापनगर, विद्यार्थी

वास गेला, तो दीड महिन्याने परत आला, पण चुकीचा. कांद्याची फोडणी म्हणजे जळका टायर. रस्सा, कॉफी, टूथपेस्ट, सगळं तसंच. आईने स्वयंपाक केला की मी गच्चीवर जायचो आणि तिला वाटायचं मी रुसलो. दही-भात आणि काकडीवर पाच महिने काढले. डॉक्टरांनी लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब यांचा वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी वीस सेकंद घ्यायला सांगितला. डिसेंबरात घरी संत्री आली. आईने साल सोललं आणि मला पलीकडच्या खोलीत कळलं. खरा वास. मी धावत आलो, तर ती आधीच एक फोड माझ्यासाठी धरून उभी.

नंदनवन, नातू

आजी आणि आजोबा एकाच दिवशी भरती झाले, जागा मिळाली ती दोन वेगळ्या दवाखान्यांत. पाचव्या दिवशी आजोबा गेले. घाटावर आम्ही दोघंच, लांब उभे. आजीला सांगायचं नाही असं मोठ्या मावशीने ठरवलं, तिचा ऑक्सिजन तेव्हा कुठे स्थिर होत होता. आम्ही ऐकलं. नऊ दिवस मी फोनवर आजोबांची तब्येत 'आहे तशीच आहे' म्हणून सांगत राहिलो.

आजीला आणायला गेलो तर तिच्या पिशवीत दोन डाळिंबं होती, तिला कोणीतरी दिलेली. म्हणाली, ह्यांच्यासाठी ठेवली, रस्त्यात त्यांच्या दवाखान्यात देऊन जाऊ. गाडीतच सांगावं लागलं.

आजी आता चांगली चालते, स्वतःचं सगळं स्वतः करते. मोठ्या मावशीशी ती दीड वर्ष बोलली नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरी असं लपवावं लागलं असेल तर लिहा, आणि कसं सांगितलं तेही लिहा. मला अजून कळत नाही आम्ही बरोबर केलं का.