प्लास्टिकबंदी: तुमच्याकडे काय काय झालं?

उन्हाळवारा
आज मंडईत मिरच्या घेतल्या. भाजीवाल्या मावशींनी डावीउजवीकडे बघून गोणपाटाखालून पातळ पिशवी काढली, फुंकर मारून उघडली, आणि मी हातातली कापडी पुढे करेपर्यंत मिरच्या आत! वर मलाच ऐकवलं, "राहू दे ताई, नायतर मेथीत शोधत बसाल." २०१८ चा जून आठवला. २३ मार्चला अधिसूचना, तीन महिन्यांची मुदत, आणि २३ जूनपासून ५,००० रुपये दंडाची धास्ती. आमच्या गल्लीत लोक पिशवीची घडी करून खिशात लपवत होते, चोरीचा माल असल्यासारखी.
माझं मत विचाराल तर बंदी हवीच होती. पण ओलं, सुटं, गळणारं सामान न्यायचं कशात, याचं उत्तर ज्याचं त्यानं शोधायचं होतं. तुम्ही काय शोधलंत ते लिहा. बरोबर की चूक यावर भांडण नको. (होणारच म्हणा.)

रिकामाडबा
दुसऱ्यांदा सापडलं तर १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तुरुंग. हे बातम्यांत ऐकून सासूबाईंनी गादीखालच्या, फ्रिजमागच्या सगळ्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत कोंबल्या. मग ती पिशवी टाकायची कुठे यावर घरात बैठक. अजून माळ्यावर आहे 😂

खाडीकाठ
मासे. विषय संपला.
बरं, सांगते. स्टीलचा डबा नेला तर मावशी म्हणाली, डब्याचं वजन कोण धरणार? आधी रिकामा डबा तोलायचा, मग माल, मागच्या बायका वैतागलेल्या. आता तीच विचारते, डबा आणलास का गं. बसमध्ये कोणाच्या पायावर पाणी गळत नाही हा फायदा. ओले बोंबील आलेत का हो कुठे?

चकलीबहाद्दर
बोंबील काढलेत तर रेसिपी पण टाका, असं अर्धवट सोडू नका.

गल्लापेटी
काउंटरच्या या बाजूने लिहितो. पिशवी नाही म्हटलं की गिऱ्हाईक "मग राहू दे" म्हणून समोरच्या दुकानात. समोरचा देतो, तपासणी आली की शटर खाली. नियम पाळणारा धंदा घालवतो आणि न पाळणारा गिऱ्हाईक कमावतो, हे रोज बघतोय. आणि बिस्किटाचे पुडे, वेफर्सची पाकिटं कंपनीतूनच प्लास्टिकमध्ये येतात, त्यांना कोण विचारतंय? मी बंदीच्या विरोधात नाही. सगळ्यांना सारखी लावा, एवढंच. गिऱ्हाईक आलं, नंतर लिहितो.

उन्हाळवारा
@गल्लापेटी हे अगदी पटलं. मत विचारलं तर सगळेच बंदीच्या बाजूने असतात, पिशवी मागतानाही तेच सगळे.

गोठ्यातला
मी गुरांचा डॉक्टर. घाईत लिहितोय.
शिळी पोळी-भाजी पिशवीत गाठ मारून टाकली की गाय काही गाठ सोडत बसत नाही, पिशवीसकट गिळते. ती पचतही नाही, पुढेही सरकत नाही, पोटाच्या पहिल्या कप्प्यात गुंता होऊन बसते. गाय खात नाही, रवंथ बंद, डावी कुशी फुगते. मग तिला उभीच ठेवून, कुशीला भूल देऊन चीर घ्यायची आणि कोपराच्या वरपर्यंत हात आत. पिशव्या सुट्या येत नाहीत, पिळलेल्या दोरखंडासारख्या ओढाव्या लागतात. मध्येच सुतळी, खिळा, एखादी चप्पलपट्टी. वास दोन दिवस हाताचा जात नाही. बंदी हवी की नको हा प्रश्न मला विचारूच नका.

रिकामाडबा
बाप रे. जेवताना वाचलं.

पाऊसपाणी
लोक २०१८ म्हणतात, पण त्याआधीही बंदी होतीच की. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, गटारं-नाले पिशव्यांनी तुंबले होते, त्यानंतर ५० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ पिशव्यांवर राज्यात बंदी आली. आता देशभर किमान १२० मायक्रॉन. बाजारात मायक्रॉन मोजतंय कोण? बोटांत धरून चुरचुरली की पातळ, आमचं माप एवढंच. त्या रात्री मी कुर्ल्याला अडकलो होतो, ती गोष्ट वेगळी, कधीतरी लिहीन.

खाडीकाठ
लिहाच. मीही त्या रात्री बाहेरच होते.

चकलीबहाद्दर
आमच्याकडे गाडीच्या डिकीत कापडी पिशव्यांची थप्पी आहे. दुकानात मी, डिकीत पिशव्या. बायको म्हणते गाडीच भाजी घेऊन येईल आता.

सुईदोरा
ते लग्नाबिग्नात 'कापडी' म्हणून वाटतात ना, हाताला कापडासारख्या लागणाऱ्या रंगीत पिशव्या? बहुतेक पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच. गॅलरीत उन्हात राहिली की हात लावताच भुगा होतो, झाडता झाडता पुरेवाट. त्यापेक्षा जुन्या चादरीची शिवा. साडीची नको, सुळसुळीत असते, कांदे भरले की शिवण उसवते.

उन्हाळवारा
@सुईदोरा तळ चौकोनी कसा करायचा? माझी पिशवी उशीच्या अभ्र्यासारखी होते, डबा आडवा पडतो.

सुईदोरा
सोप्पं आहे. दोन्ही बाजू आणि तळ शिवून झाला की उलटीच ठेवायची. खालचा कोपरा असा धरायचा की बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर बसेल, त्रिकोण होतो. टोकापासून चार बोटं सोडून आडवी टीप मारायची, दुसऱ्या कोपऱ्याला तेच. धरायचे बंद मात्र तोंडाशी संपवू नका, वीतभर खालपर्यंत आणून शिवा. कुकर झाला, जाते.

चकलीबहाद्दर
बोंबलाची रेसिपी राहिली बरं का.