स्लॅबला ४५ अंश धरू नका

एसीचा हिशोब मांडताना तुम्ही १० बाय १२ फुटांच्या खोलीत छतातून येणारी उष्णता काढायला बाहेरचे ४५ वजा आतले २८, असा १७ अंशांचा फरक धरलाय आणि सहाशे वॉट काढलेत. उत्तरेच्या भिंतीला चालेल. पण मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर दुपारी अनवाणी उभं राहून बघा! ऊन धरलं तर स्लॅबसाठी बाहेरचं तापमान ६० अंशांच्या आसपास घ्यावं लागतं, म्हणजे फरक ३२ अंशांचा. सहा इंची स्लॅबचा यू (एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट उष्णता जाते तो आकडा) साधारण ३.३, क्षेत्रफळ ११ चौरस मीटर; म्हणजे तुमचे सहाशे वॉट थेट अकराशे-बाराशेवर जातात. एक टनाच्या एसीच्या थंड करण्याच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा नुसतं छतच खातं. शिवाय ही उष्णता खाली उशिरा उतरते, म्हणून रात्री नऊलाही पंखा गरम झळाच फेकतो. मोठा एसी घेण्याआधी गच्चीला चुना मारा, किंवा पांढऱ्या टाइलचे तुकडे बसवा. ते पावसात धुऊन जात नाहीत.