४४०००१: जीपीओच्या पिन कोडचे अवयव कसे पाडायचे?

सीताबर्डीकर:
नववीच्या गणित मंडळाच्या तक्त्यासाठी नागपूर जीपीओचा पिन कोड घेतला आहे. अंकांची बेरीज ९, म्हणून ४४०००१ = ९ × ४८८८९. पुढे गाडी अडून राहिली. ४८८८९ ला २३ पर्यंतच्या एकाही मूळ संख्येने भाग जात नाही. तेवढ्यावर तिला मूळ म्हणता येईल का? शिवाय, ४४०००१ ला ४ ने भागून बाकी १ उरते, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असणारच, हे बरोबर आहे का?

धंतोली४७:
२३ वर थांबता येत नाही भाऊ. ४८८८९ चं वर्गमूळ २२१.१ आहे, म्हणजे २११ पर्यंतच्या ४७ मूळ संख्या तपासाव्याच लागतात. मात्र ९ बाहेर काढलाच आहे, तेव्हा ४४०००१ च्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे ६६३ पर्यंत, जाऊ नका. एकानेही भाग जात नाही. ४८८८९ मूळ आहे.

पोरं फसतात ती कॅल्क्युलेटरवर. ९७ ने भागलं की ५०४.०१ दिसतं, ८३ ने ५८९.०२, आणि घाईत भाग गेला असं वाटतं. प्रत्येक ओळीत बाकी लिहायला लावा: ९७ × ५०४ = ४८८८८, बाकी १; ८३ × ५८९ = ४८८८७, बाकी २.

विभाजक सहा: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७, ४४०००१. स्वतःला सोडून बाकीच्यांची बेरीज १९५५६९, म्हणजे निम्मीही नाही. आणि ही हर्षद संख्या आहे, आपल्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी. हे नाव देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी दिलेलं. तक्त्यावर ते हवंच. ४४००१० सुद्धा हर्षद आहे. ४४००२२ नाही: बेरीज १२, पण शेवटच्या २२ ला ४ ने भाग जात नाही.

अंबाझरी_अंकगणित:
वर्गांबद्दल: बाकी १ उरणं पुरेसं नाही. २१ ला ४ ने भागून बाकी १ च उरते, पण २१ दोन वर्गांची बेरीज होत नाही. खरी अट अशी की ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारा प्रत्येक मूळ अवयव सम घातात असावा. इथे असा अवयव फक्त ३, आणि तो ३² आहे. म्हणून जमतं.

शोधायचे ४८८८९ चे वर्ग. शेवटी दोन्ही संख्या ३ ने गुणायच्या. एकक स्थानी ९ आहे आणि वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६, ९ एवढेच अंक येतात. बेरजेत ९ आणायला ०+९ किंवा ४+५ हेच मार्ग, म्हणजे दोघांपैकी एक संख्या ५ च्या पटीत हवी. ८ ने भागून बाकी १ उरते, म्हणून सम संख्या ४ च्या पटीत. आधी विषम संख्या ५ च्या पटीत धरा: ५, १५, २५… प्रत्येकाचा वर्ग वजा करून उरलेली संख्या पूर्ण वर्ग आहे का पाहा. ७५ ला जमतं: ४८८८९ − ५६२५ = ४३२६४ = २०८².

म्हणून ४४०००१ = ६२४² + २२५². क्रम सोडला तर दुसरी जोडी नाही, कारण मूळ संख्या दोन वर्गांत एकाच रीतीने फुटते.

सीताबर्डीकर:
पडताळलं: ३८९३७६ + ५०६२५ = ४४०००१. यातून पायथागोरसचं त्रिकूट निघेल का?

अंबाझरी_अंकगणित:
निघतं. २०८² − ७५² = ३७६३९, २ × २०८ × ७५ = ३१२००, कर्ण ४८८८९. तिघांना सामाईक अवयव नाही. कर्ण ४४०००१ च हवा असेल तर तिन्ही बाजूंना ९ ने गुणा.