घरभेटींची सूत्रं कुणाच्या हाती: सीएचओच्या की आरोग्य सेविकेच्या?

भोगावतीकाठ (मूळ धागा)

2018 पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, 2023 मध्ये आयुष्मान आरोग्य मंदिर असं नाव आलं आणि तिथं समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, रुजू झाले. कागदावर तेच पथकप्रमुख. माझं मत असं की उपकेंद्रातल्या कामाचं नेतृत्व त्यांच्याकडे खुशाल असू दे, पण घरी जाऊन द्यायच्या सेवेची सूत्रं आरोग्य सेविकेकडे द्यावीत.

सीएचओंचा दिवस ओपीडी, ई-संजीवनीवरचे (डॉक्टरांचे ऑनलाइन) सल्ले आणि ऑनलाइन नोंदी यांत संपतो. ठरलेल्या मानधनाशिवाय वरची रक्कम कामाच्या निर्देशांकांवर मिळते आणि निर्देशांक डोकी मोजतात. केंद्रावर आलेलं डोकं मोजणं सोपं. वाडीवरच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीसाठी अर्धा दिवस गेला, तर तक्त्यात भर पडते एकाच आकड्याची. शिवाय नोकरी कराराची. माणूस गावाची घरं ओळखायला लागतो तोवर दुसरीकडं निवड होऊन जातो.

सेविका बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेची कायम कर्मचारी. कुठल्या घरात सासू-सुनेचं बोलणं बंद आहे, कुठं गोळ्या आणून डब्यात पडून राहतात, हे तिला आणि आशांना ठाऊक असतं. वेळेचंही तसंच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर-राधानगरी पट्ट्यात सकाळी दहानंतर निम्म्या घरांना कुलूप, माणसं शिवारात. भेट घ्यायची तर सकाळी संस्थेत दूध घालून बायका परततात तेव्हा, नाहीतर संध्याकाळच्या धारा झाल्यावर. कार्यालयीन वेळेतल्या घरभेटीत दारावरचा खडूचा शेरा तेवढा होतो.

सीएचओ, गडहिंग्लज

दादा, निर्देशांकांबद्दल बोललात ते खरं आहे. पण उपाय पटत नाही.

आधी हिशेब बघा. उपकेंद्राला 5,000 लोकसंख्या, म्हणजे साधारण हजार उंबरे आणि पाच आशा. तिशीपुढचे निम्मे धरा, 2,500. त्यात पाचातल्या एकाला रक्तदाब धरला तर 500 माणसं. प्रत्येकाला महिन्याला एकदा घरी भेटायचं तर 25 दिवस रोज 20 घरं, तीही फक्त रक्तदाबाची. सेविकेकडे लसीकरण सत्रं, गरोदर मातांची तपासणी, दर महिन्याच्या 9 तारखेचं मातृत्व अभियान (गरोदर मातांची डॉक्टरकडून तपासणी), पोषण दिवस आधीच आहेत. तिच्यावर हे टाकलं तर पहिली गळती लसीकरणात लागेल.

म्हणून कुणाला घरी भेटायचं आणि कुणाला केंद्रावर बोलवायचं, ही निवड हेच खरं नेतृत्व. त्याला तपासणीचं ज्ञान लागतं. आशा तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म (आजाराची जोखीम गुणांत मोजणारा) भरते, गुण 4 च्या वर गेले की तपासणीला प्राधान्य. पण फॉर्म रोग सांगत नाही. रक्तदाब 150/96 आला तर रुग्ण आत्ताच चालत आला होता का, पाच मिनिटं बसवलं होतं का, दंड जाड असून पट्टा लहान होता का, बाही गुंडाळून वर दाबली होती का, हे बघायला पाहिजे. लहान पट्ट्यानं आकडा वर दिसतो आणि नसलेल्या रोगाची गोळी मागे लागते.

माझी वाटणी अशी: अंथरुणाला खिळलेले, जखमा आणि कॅथेटरवाले (लघवीची नळी असलेले) आठवड्याला घरी. गोळ्या सोडलेले, एकटे राहणारे वृद्ध महिन्याला घरी. बाकीचे केंद्रावर, 30 दिवसांच्या गोळ्या घेऊन. ही यादी दर महिन्याला बदलते आणि ती बदलायचा अधिकार सीएचओकडेच हवा.

गटप्रवर्तक, शिरोळ

आशांच्या कामावर देखरेख करते म्हणून सांगते, दोघांच्याही लिहिण्यात नवजात बाळ आलंच नाही. तिथं निर्णय ना सीएचओ घेतात, ना सेविका. आशा घेते.

दवाखान्यात प्रसूती झाली तर तिसऱ्या, सातव्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी प्रसूती झाली असली तर पहिल्या दिवशीचीही. वजन करताना आधी रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा. हे राहिलं की झोळीचं वजन बाळाच्या नावावर जातं आणि 2,400 ग्रॅमचं बाळ अडीच किलोचं दिसतं, जोखमीच्या यादीतून सुटतं. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचे. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केले तर चुकतं, कारण नवजाताचा श्वास मध्येच थांबतो, मध्येच भरभर होतो. रडताना किंवा पिताना मोजायचेच नाहीत. 60 किंवा जास्त आले तर पुन्हा मोजायचे, दुसऱ्यांदाही तेच आले तर बाळ लगेच हलवायचं.

आता हलवायचं म्हटल्यावर आशानं सेविकेला विचारायचं, सेविकेनं सीएचओंना, त्यांनी पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला)? तेवढ्यात बाळ गार पडतं. आशानं थेट 102 किंवा 108 ला फोन लावायचा आणि नंतर कळवायचं, हे लेखी द्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना शिकवून नवजातांच्या जंतुदोषावर घरीच उपचार करून दाखवले. 1999 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्या बायकांच्या हाती निर्णय होता, म्हणून बाळं वाचली.

वैद्यकीय अधिकारी, शाहूवाडी

गटप्रवर्तक ताईंच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. धोक्याचं लक्षण दिसल्यावर परवानगीची साखळी नकोच.

पण गडचिरोलीचं उदाहरण अर्धंच घेऊ नका. तिथं प्रशिक्षण सतत होतं, देखरेख नेमानं होती आणि कुठल्या लक्षणाला काय करायचं हे पक्कं ठरलेलं होतं. आपल्याकडे प्रशिक्षण एकदा होतं, थर्मामीटरचा सेल संपतो आणि तो बदलायला महिने जातात. अशा स्थितीत नेतृत्व खाली द्या म्हणणं म्हणजे जबाबदारी खाली ढकलणं.

आणि काही गोष्टी खाली देता येत नाहीत. रक्तदाब-मधुमेहाचं औषध सुरू करणं किंवा बदलणं डॉक्टरचं काम, सीएचओ पुढचा पुरवठा करतात. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या वेदनेला तोंडावाटे मॉर्फिन लागतं. 2014 च्या कायदादुरुस्तीनंतर ते मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षित डॉक्टरमार्फत मिळू शकतं, उपकेंद्रातून नाही. सोबत पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून द्यावं लागतं. ते विसरलं की चार दिवसांनी घरचे 'बाधलं' म्हणून मॉर्फिनच बंद करतात.

शुश्रूषा परिचारिका, कागल

चर्चा कर्मचाऱ्यांभोवतीच फिरतेय. अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ आपण आठवड्यातून जास्तीत जास्त एक तास असतो. उरलेले 167 तास सून, बायको, मुलगी. नेतृत्व द्यायचंच तर तिला शिकवून द्या.

शिकवायचं ते मोजकं आहे. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण आडवं कुशीवर टाकायचं नाही, पाठीमागे उशी देऊन थोडं कललेलं ठेवायचं, नाहीतर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली घडी. लाल झालेली जागा चोळायची नाही, आपल्याकडे हमखास तेल लावून चोळतात आणि आतली इजा वाढते. बोटानं दाबून लाली पांढरी होत नसेल तर जखम सुरू झाली असं धरायचं. जखम धुवायला अर्धा लिटर पाणी उकळून गार करून त्यात चहाचा सपाट चमचाभर मीठ. हळद, राख, डेटॉल काही नको. नाकातल्या नळीतून पाजताना डोकं वर आणि नंतरही तासभर तसंच, नाहीतर पेज छातीत जाते. लघवीची पिशवी कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही.

केरळनं 2008 मध्ये अशा रुग्णांच्या शुश्रूषेचं (पॅलिएटिव्ह केअरचं) धोरण केलं आणि ग्रामपंचायतींनी घरभेटीसाठी परिचारिका नेमल्या. सूत्रं पंचायतीकडे, कौशल्य परिचारिकेकडे, रोजची शुश्रूषा घरच्यांकडे. आपल्याकडे उपकेंद्राला जन आरोग्य समिती आहेच. तिच्या सभेत वॉटर बेड आणि ड्रेसिंगच्या सामानाचा विषय कितींदा निघतो ते इतिवृत्त उघडून बघा.

भोगावतीकाठ

ताई, 167 तासांचा मुद्दा मान्य, आणि गटप्रवर्तक ताईंचा थेट फोनचाही. घरभेट कुणाला द्यायची ही यादी सीएचओंनी ठरवावी, हेही मी आता मानतो. पण यादीप्रमाणे कोण, कधी, कुठल्या वाडीवर जाणार आणि गेलं की नाही, हे सेविकेनंच बघावं. एकानं दोन्ही केलं तर यादी आपल्या सोयीची होते: रस्त्यालगतची घरं वर, धनगरवाडे खाली.

सीएचओ, गडहिंग्लज

हे चालेल, एका अटीवर. सेविकेच्या डोक्यावरचं एक तरी रजिस्टर कमी करा. घरभेटीची नोंद एकाच वहीत, घरात ठेवलेल्या कार्डावर तारीख आणि सही. ऑनलाइन भरणा केंद्रावर मी करतो.

गटप्रवर्तक, शिरोळ

कार्ड घरात ठेवणार असाल तर दुसरी प्रत केंद्रात हवीच. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोळ-करवीरची घरंच्या घरं पाण्यात गेली, तिथं कागद कुठला टिकतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला पोचते तेव्हा माणसं हलवायला लागलेली असली पाहिजेत, 43 फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही. पहिली नावं या घरभेटीच्या यादीतलीच: अंथरुणावरचे, डायलिसिसवाले, ऑक्सिजन मशीनवाले (वीज गेली की ते बंद) आणि महिन्याभरात प्रसूती असलेल्या. प्रत्येक नावापुढं चालू औषधं, उचलून नेणारा माणूस आणि त्याचा मोबाईल. इन्सुलिनवाल्यांना आधीच सांगा, फोडलेली कुपी साध्या थंड जागी चार आठवडे चालते, बर्फात थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. ही यादी मे महिन्यात तयार करून तिची एक प्रत सरपंचांकडे द्या. जुलैत करायला बसलात तर आशा तोवर निवारा केंद्रात ड्युटीवर असते.